अमेरिकेतील विशेष गरजा न्यास : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
आपल्या पश्चात अपंग अपत्याचे कसे होईल, ही पालकांची चिंता सार्वत्रिक आहे. अमेरिकेत मात्र पालकांनी अपत्याच्या नावे ठेवलेली पुंजीच त्याचे शासकीय साहाय्य बंद होण्यास कारणीभूत ठरू लागली. या विसंगतीतून ‘स्पेशल नीड्स ट्रस्ट’ म्हणजेच विशेष गरजा न्यास ही व्यवस्था विकसित झाली. प्रस्तुत निबंधात तिच्या वाटचालीचा आढावा घेतला आहे.

विसंगतीचा उगम :
१९६५ साली मेडिकेड ही अल्प उत्पन्न असलेल्यांसाठीची वैद्यकीय साहाय्य योजना अस्तित्वात आली. १९७२ च्या कायद्याने वृद्ध, अंध व अपंग व्यक्तींसाठी ‘सप्लिमेंटल सिक्युरिटी इन्कम’ ही मासिक अर्थसाहाय्याची योजना मंजूर झाली व जानेवारी १९७४ पासून ती लागू झाली. या योजनेत एकट्या व्यक्तीच्या मालमत्तेची मर्यादा प्रारंभी १५०० डॉलर होती; १९८९ मध्ये ती २००० डॉलर झाली आणि त्यानंतर वाढलेली नाही. राहते घर तीतून वगळले जाते. बँकेतील शिल्लक मात्र मोजली जाते. १९८१ च्या कायद्याने संस्थेऐवजी घरी राहून मिळणाऱ्या दीर्घकालीन सेवांसाठीही मेडिकेडचा मार्ग मोकळा केला. अशा सेवांचा आजीवन खर्च मध्यमवर्गीय कुटुंबाच्या बचतीतून भागणे कठीण होते. म्हणूनच लहानसा वारसाही आधाराऐवजी संकट ठरे.

परिणामी अनेक पालक अपंग अपत्यास मृत्युपत्रातून वगळीत आणि त्याचा वाटा भावंडाच्या नावे करीत. या व्यवस्थेस केवळ नैतिक आधार होता. भावंडाचा घटस्फोट, कर्जबाजारीपणा वा मृत्यू ओढवल्यास तो वाटा हातचा जाण्याचा धोका असे.

न्यासाचा विकास :
यावर पर्याय होता तो विश्वस्ताच्या स्वेच्छाधिकारावर चालणाऱ्या न्यासाचा. पालकांच्या मालमत्तेतून स्थापन झालेल्या अशा न्यासात लाभार्थीस रक्कम मागण्याचा हक्क नसतो; म्हणून ती त्याची मालमत्ता गणली जात नाही. विश्वस्त रोख रक्कम हाती न देता शिक्षण, प्रवास, उपकरणे यांची देयके परस्पर चुकती करतो.

अपघाताच्या भरपाईसारख्या, अपंग व्यक्तीच्या स्वतःच्या पैशाचा प्रश्न अधिक बिकट होता. १९८६ मध्ये संमत झालेल्या तरतुदीने स्वतःच्या पैशातून केलेल्या न्यासांवर मेडिकेडपुरते निर्बंध आणले. १९९३ च्या कायद्याने नियम अधिक कडक केले. मात्र ६५ वर्षांखालील अपंग व्यक्तींसाठी अपवादही केला. त्याची किंमत अशी की, लाभार्थीच्या मृत्यूनंतर उरलेल्या रकमेतून मेडिकेडने केलेला खर्च प्रथम राज्यास परत करावा लागतो. पालकांच्या पैशातून केलेल्या न्यासास ही अट नाही.

निष्कर्ष :
१९९३ च्या कायद्याने असा न्यास स्थापण्याचा अधिकार आई-वडील, आजी-आजोबा, कायदेशीर पालक व न्यायालय यांना दिला. खुद्द अपंग व्यक्तीचा उल्लेख त्यात नव्हता. शरीराने अपंग, परंतु बुद्धीने पूर्ण सक्षम अशा प्रौढालाही स्वतःच्याच पैशासाठी इतरांचा आश्रय घ्यावा लागे. अपंगत्व म्हणजे निर्णयक्षमतेचा अभाव, हे गृहीतक त्यामागे दिसते. डिसेंबर २०१६ मधील दुरुस्तीने ही उणीव दूर झाली. तथापि मूळ मालमत्ता-मर्यादा तशीच आहे. ज्यांना वकिलाचा सल्ला परवडतो, त्यांनाच न्यासाचे संरक्षण सहज लाभते. न्यासाने विसंगतीतून वाट काढून दिली, विसंगती मात्र संपविली नाही.