वाळूवर उभी केलेली कमान: अठरा तासांचा घटनाक्रम

न्यू जर्सीतल्या आमच्या घरी ७५ गॅलनची, म्हणजे सुमारे २८४ लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. तिच्यातली दगडी कमान रविवारी पहाटे ३:१० वाजता कोसळली. ती मीच रचली होती, त्यामुळे चूक माझीच. ज्यांच्या घरी अशी टाकी आहे त्यांनी आज आपले दगड एकदा हलवून पाहावेत, म्हणून सगळं क्रमाने लिहितो आहे.

आठ महिने आधी

टाकी लावली त्या दिवशी मी आधी वाळू ओतली आणि मग त्यावर दगड ठेवले. दगड थेट तळाच्या काचेवर टेकवायची भीती वाटली होती. दोन खांब आणि त्यांवर एक आडवा दगड. सांध्यात फक्त एपॉक्सी पुट्टी दाबली. पुट्टी वाळली की दगडासारखी कडक होते, पण ओल्या दगडाला चिकटत नाही, नुसती खळग्यांत अडकून बसते. तिच्या दोन्ही अंगांना जेलचा सुपरग्लू लागतो. तो मी लावला नाही.

शनिवार, सकाळी ९:०० (१८ तास आधी)

दिवे लागले. डाव्या खांबाच्या पायथ्याशी गोबी मासा पहाऱ्याला बसला आणि त्याच्या मागून पिस्टल श्रिंप, आमची खणणारी कोळंबी, बाहेर आली. तिला जवळजवळ दिसत नाही. एक मिशी माशाच्या अंगाला लावून ती दोन्ही नांग्यांनी वाळू पुढे ढकलत आणते, टाकते आणि परत आत जाते. मुलगी म्हणाली, "बाबा, दगडाखाली बोगदा झालाय." मी कौतुकाने फोटो काढला. त्या फोटोत खांबाखाली दोन बोटं जातील एवढी पोकळी स्पष्ट दिसते.

दुपारी १:३० (१३ तास ४० मिनिटं आधी)

काच पुसताना चुंबकाचा ब्रश खांबाला लागला आणि खांब किंचित डोलला. हाताने सरळ केला, तर सहज सरकला. पाण्यात अशा दगडाचं वजन सुमारे एक तृतीयांशाने कमी भरतं, त्यामुळे तो आटोक्यात आहे असं वाटतं. खरं तर जो दगड बोटाने सरकतो, तो गोगलगाईनेही सरकतो. टाकी रिकामी करून कमान पुन्हा रचायची वेळ होती ती हीच. मी पुढच्या रविवारवर ढकललं.

संध्याकाळी ५:०० (१० तास आधी)

कमानीच्या माथ्यावर टॉर्च कोरलचा मुठीएवढा गुच्छ बसवला. टाकीतच वाढवलेल्या प्रवाळाची ती फांदी होती. (भारतात खडकी प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे. मालवणचं प्रवाळ मालवणच्याच समुद्रात राहायला हवं.)

हे काम मात्र मी नीट केलं. पंप बंद केले, प्रवाळाचा बुडखा कागदाने टिपला, आधी ग्लू, मग पुट्टीची गोळी, मग पुन्हा ग्लू. पाण्यात शिरताच ग्लूवर पांढरी साय धरते. ती फुटेपर्यंत गुच्छ फिरवत दगडावर दाबावा लागतो, तरच आतला ताजा ग्लू दगडाला भिडतो. दोन मिनिटं धरून ठेवला. तो सांधा शेवटपर्यंत सुटला नाही. कळस असा पक्का बसवला आणि पायाकडे पाहिलं नाही.

रात्री ९:३० (५ तास ४० मिनिटं आधी)

दिवे मालवले. ताज्या पुट्टीमुळे स्किमरला, म्हणजे फेसाने पाणी स्वच्छ करणाऱ्या यंत्राला, जास्तच फेस आला आणि त्याचा कप भरून वाहू लागला. हे नेहमीचं आहे. मी तो आवरण्यात गुंतलो. तोवर मासा आणि कोळंबी बिळात गेले होते, म्हणजे बरोबर खांबाखाली.

रात्री १२:१५ (सुमारे ३ तास आधी)

पाणी प्यायला उठलो. लाल बॅटरीच्या उजेडात लिंबाएवढी टर्बो गोगलगाय कमानीवर चढताना दिसली. पाहिलं आणि झोपायला गेलो.

पहाटे ३:१०

धप्प असा आवाज झाला. डावा खांब बिळात खचला होता आणि आडवा दगड समोरच्या काचेवर रेलला होता. टॉर्च कोरल उलटं होऊन खालच्या ब्रेन कोरलवर पडलं होतं. टॉर्चच्या लांब शुंडकांचा डंख जबर असतो, तास-दोन तासही पुरेसे असतात.

३:२० ते ५:००

आधी हातमोजे आणि गॉगल, कारण काही झोअँथिड प्रवाळांत पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं आणि आमचा एक गुच्छ चिरडला होता. मग दगड उचलला, टॉर्च ब्रेन कोरलपासून वेगळं केलं, गाळणीत कार्बन घातला. काच बोटाने इंचाइंचाने चाचपली. आतून नखाएवढा टवका उडाला होता. तडा नव्हता. ब्रेन कोरलची एक बाजू पांढरी पडली होती. खांब हलवला तेव्हा कोळंबी खाली सापडली, मेलेली.

नंतर

दुपारी गोबी एकटाच वाळूवर आला. बिळाचं तोंड जिथे होतं तिथेच थांबला, शेपूट मागे करून, जणू कुणाची मिशी लागायची आहे.

समुद्रात दगड आणि तुटलेलं प्रवाळ सांधायचं काम चुनखडीचं कवच धरणारं लाल शैवाल वर्षानुवर्षं करत असतं. टाकीत तेवढा अवधी नसतो. तिथला सांधा आपणच द्यायचा असतो.

पुढच्या शनिवारी खांब वाळू बाजूला सारून थेट तळावर बसवले, काचेला ओरखडा नको म्हणून खाली प्लास्टिकची जाळी घातली. दगडांना ड्रिलने भोकं पाडून ॲक्रिलिकच्या कांड्या घातल्या, सांध्यात ग्लू-पुट्टी-ग्लू भरलं आणि वाळू सगळ्यात शेवटी ओतली. आता कुणी कितीही खणलं तरी खांबाखालून वाळू निघणार नाही.

नवी कोळंबी आणण्याआधी मुलीने बाही वर करून कमान चारही बाजूंनी ढकलली. मग म्हणाली, "आता आण."