खोललेलं इंजिन आणि ते बांधणारे हात

जुनी लष्करी वाहनं मिळवून ती पुन्हा चालू करणाऱ्या लोकांना गंजाची फारशी भीती वाटत नाही. गंज खरवडता येतो, पत्रा नवा ठोकता येतो. जाम झालेलं इंजिनही चालतं, कारण त्यात निदान प्रत्येक भाग आपापल्या जागी असतो. भीती असते ती खोललेल्या इंजिनाची. वाहन एका कोपऱ्यात, क्रँककेस दुसऱ्या कोपऱ्यात आणि बाकीचं इंजिन आठ-दहा खोक्यांत. कुणीतरी वीस-तीस वर्षांपूर्वी उत्साहाने काम काढलं, पण नंतर पैसे, वेळ किंवा आयुष्य संपलं. भाग बहुधा सगळे असतात. कोणता भाग कुठून निघाला, हे मात्र खोलणाऱ्याच्या डोक्यात होतं आणि ते डोकं आता उपलब्ध नाही.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. लिहिणारा माणूस नोकरी सोडून गेला आणि मागे कागदपत्रं नाहीत, अशा प्रोग्रामची अवस्था आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे हा प्रश्न मला ओळखीचा वाटतो. पण एका विशिष्ट वाहनाचा इतिहास वाचताना लक्षात आलं, की तो प्रश्न पुनर्बांधणीच्या छंदापुरता मर्यादित नाही. दुसऱ्या महायुद्धात एका मोठ्या सैन्याला तो पडला होता आणि त्याचं उत्तर म्हणून त्या सैन्याला एक नवं दल उभारावं लागलं होतं.

ते वाहन म्हणजे स्कॅमेल पायोनियर. इंग्लंडमधल्या वॉटफर्ड गावच्या स्कॅमेल लॉरीज कंपनीने १९२७मध्ये खडबडीत मुलखासाठी हा सहाचाकी ट्रक आणला. त्याचा रचनाकार ऑलिव्हर नॉर्थ. मागच्या बाजूला आडवा आस एकच. त्याच्या दोन्ही टोकांना तराजूच्या दांडीसारखी झुलणारी एकेक पेटी आणि प्रत्येक पेटीला पुढे-मागे दोन चाकं. एक चाक दगडावर सुमारे दोन फूट चढलं, तरी दुसरं खड्ड्यात उतरून जमिनीला टेकलेलंच राहतं. रस्ताच नसलेल्या ठिकाणी वजन ओढायचं, तर याहून सोपी युक्ती सापडणं कठीण.

सैन्याने त्याच्या मागे क्रेन बसवून घेतली. मराठीत क्रेनला ‘यारी’ असा छान शब्द आहे. तो कारखान्यात कुणी वापरत नाही, पण या वाहनाला तो शोभतो, कारण दुसऱ्याला खड्ड्यातून बाहेर काढणं एवढंच त्याचं काम होतं. १९३८च्या सुमारास आलेल्या एसव्ही/२एस या प्रकारात यारीचा हात मागे सरकवून लांब करता येई. हात जितका लांब, तितकं उचलायचं वजन कमी, हा तरफेचा नियम इथेही होताच. मागे जड वजन टांगलं की पुढची चाकं उचलली जाऊ नयेत, म्हणून नाकावर लोखंडी ठोकळे अडकवायचे. पोटात विंच. वाहनाचं स्वतःचं वजन सुमारे दहा टन, वेग ताशी चाळीस किलोमीटरच्या आत आणि ताकद फक्त १०२ अश्वशक्ती. आजच्या एखाद्या मध्यम मोटारगाडीची असते, तेवढीच. या प्रकारची सुमारे दीड हजार वाहनं तयार झाली.

युद्धाच्या पुस्तकांत या वाहनाचा उल्लेख क्वचितच येतो. आपल्याकडे अहिल्यानगरच्या (पूर्वीच्या अहमदनगरच्या) रणगाडा संग्रहालयात लोक माटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल बघायला जातात आणि ते स्वाभाविकच आहे. पण हे रणगाडे फार बिघडत. पट्टे तुटत, इंजिनं तापत, वाळू आत जाई, सुरुंगावर चाक उडे. लढाईत ‘गमावलेल्या’ म्हणून मोजलेल्या रणगाड्यांपैकी बरेच खरं तर फक्त थांबलेले असत. मग प्रश्न उरे, की रात्री त्यांना तिथून काढणार कोण?

हा धडा ब्रिटिशांना महागात मिळाला. १९४०मध्ये डंकर्कहून माघार घेताना सुमारे ६४ हजार वाहनं फ्रान्समध्ये सोडावी लागली. नोव्हेंबर १९४१मध्ये लिबियातल्या सिदी रेझेघच्या लढाईत जर्मनांची गोष्ट डोळ्यांत भरली. त्यांची ओढून नेणारी पथकं, १८ टनी अर्ध-पट्ट्यांची वाहनं घेऊन, लढाईच्या मैदानातच काम करत. संध्याकाळी मैदान ज्याच्या ताब्यात, त्याला थांबलेले रणगाडे परत मिळत आणि काही दिवसांत ते पुन्हा समोर उभे राहत. ब्रिटिशांकडे रणगाडे जास्त असूनही हिशेब जुळत नव्हता.

नुसती वाहनं वाढवून तो जुळलाही नसता, कारण तुटवडा माणसांचा होता. सैन्यात दुरुस्तीचं काम अनेक दलांत विभागलेलं होतं. ऑर्डनन्स कोअर काही करी, सर्व्हिस कोअर आपल्या ट्रकांचं बघे, इंजिनिअर्स आपल्या यंत्रांचं. भरतीत आलेला कसबी फिटर कुठेतरी पहारा देत उभा आणि जिथे फिटर हवा तिथे कुणीच नाही, अशी अवस्था होती. १९४१मध्ये ब्रिटनचे कामगारमंत्री अर्नेस्ट बेव्हिन यांनी सैन्यातल्या कुशल माणसांच्या वापराची चौकशी करायला एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते विल्यम बेव्हरिज. सामाजिक विम्याच्या अहवालामुळे पुढे जगप्रसिद्ध झाले, तेच बेव्हरिज. कौशल्य वाया जातंय, दुरुस्तीचं काम एका छत्राखाली आणा, असा समितीचा रोख होता. १ ऑक्टोबर १९४२ रोजी ‘रॉयल इलेक्ट्रिकल अँड मेकॅनिकल इंजिनिअर्स’ हे नवं दल स्थापन झालं. त्यानंतर बरोबर २२ दिवसांनी, २३ ऑक्टोबरला, अल अलामीनची लढाई सुरू झाली. तिथे सुमारे ५०० ब्रिटिश रणगाडे निकामी होऊन थांबले. त्यांतले बहुतेक दुरुस्त होण्याजोगे होते आणि त्यांना मागे आणायला आता माणसंही होती, यंत्रणाही.

हिंदुस्थानी सैन्यातही लगेच असंच दल उभं राहिलं. आजची ईएमई कोअर ती हीच. तिचा स्थापना दिन १५ ऑक्टोबर १९४३. पुण्याजवळ खडकीत नुसतं ‘५१२’ म्हटलं तरी कळतं. ते या कोअरचं आर्मी बेस वर्कशॉप. खडकी-दापोडीच्या कित्येक घरांत ‘वर्कशॉपात होते’ एवढ्या दोन शब्दांत एखाद्या आजोबांचं सगळं आयुष्य सांगितलं जातं. इंजिन बांधणाऱ्यांचा इतिहास साधारण एवढाच लिहिला जातो.

वाळवंटातल्या फिटरची अडचण आणखी एका बारीकशा गोष्टीत होती. ब्रिटिश वाहनांचे नट-बोल्ट व्हिटवर्थ पद्धतीचे. १८४१मध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी ठरवलेली ही आटेपद्धत. आट्यांचा कोन ५५ अंश. अमेरिकेहून आलेल्या ग्रँट आणि शर्मन रणगाड्यांचे आटे ६० अंशांचे. अर्ध्या इंचाचा, म्हणजे आपल्या मिस्त्रींच्या भाषेत चार सुताचा, बोल्ट घेतला, तर व्हिटवर्थला इंचाला १२ आटे आणि अमेरिकनला १३. दिसायला सारखे, पण एकमेकांत बसत नाहीत. बळाने बसवले तर दोन्हींचे आटे जातात. पानेही वेगळे. व्हिटवर्थ पान्यावर बोल्टचा व्यास लिहिलेला असतो, पान्याच्या जबड्याचं माप नाही. एकाच वर्कशॉपात दोन जगांची हत्यारं ठेवावी लागत. युद्ध संपल्यावर अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी समान आट्यांचा करार केला तो नोव्हेंबर १९४८मध्ये. आज पायोनियर खोलणाऱ्याच्या खोक्यात या सगळ्या काळाचे बोल्ट एकत्र सापडतात, कारण मधल्या काळात ज्याला जो मिळाला तो त्याने बसवला.

युद्धानंतर ही वाहनं सैन्यात बरीच वर्षं राहिली. मग लिलावात निघून महामार्गावरच्या गॅरेजांत आणि जत्रांचे पाळणे ओढणाऱ्यांकडे गेली. त्यांचा जीव टिकला तो मुख्यतः इंजिनामुळे. हे इंजिन मँचेस्टरजवळच्या पॅट्रिक्रॉफ्टच्या गार्डनर कारखान्याचं: ६एलडब्ल्यू डिझेल, ८.४ लिटर, सहा सिलिंडर. सिलिंडरचा व्यास सव्वाचार इंच, दट्ट्याची धाव सहा इंच. सिलिंडर तीन-तीनच्या दोन ठोकळ्यांत, त्यांच्यावर हेडही दोन. प्रत्येक सिलिंडरच्या डिझेल पंपाला हाताने दाबायची वेगळी खिट्टी. थंडीत बॅटरी नसली, तरी डीकॉम्प्रेशनची खिट्टी उघडून, हँडल मारून सुरू करता येतं. बसेस, बोटी आणि ट्रक यांत चालणारं हे इंजिन दशकानुदशकं बनत राहिलं.

आता हे इंजिन खोक्यांत आहे असं समजा. टेबलावर सहा कनेक्टिंग रॉड आणि त्यांच्या सहा टोप्या पडल्या आहेत. रॉड आणि टोपी एकत्र धरून त्यांचं भोक कापलेलं असतं, त्यामुळे जिची टोपी तिलाच आणि त्याच बाजूने बसली पाहिजे. सहा टोप्या लावण्याच्या रीती ७२०. प्रत्येक टोपी उलट-सुलट धरली, तर आणखी ६४ पट. म्हणजे ४६,०८० मांडण्या आणि त्यांतली एकच बरोबर. चुकीच्या मांडणीतही बोल्ट व्यवस्थित आवळले जातात. चूक कळते ती क्रँक जड फिरू लागल्यावर किंवा त्याहून वाईट म्हणजे बेअरिंग वितळल्यावर.

यातून वाट काढतात ते ठोकलेले आकडे. कारखान्यातल्या माणसाने रॉडवर आणि टोपीवर पंचने तोच आकडा ठोकलेला असतो. तेलाची काजळी पुसली की तो दिसतो. कधी एकाच आकड्याचे दोन रॉड निघतात. मग समजायचं, की मधे कुठल्यातरी वर्कशॉपात दुसऱ्या इंजिनाचा रॉड इथे आला. क्रँकवर निळा रंग लावून बेअरिंग टेकवायचं, उचलायचं, रंग कुठे लागला ते बघायचं, उंच भाग खरवडायचा, पुन्हा टेकवायचं. हे पन्नास वेळा. मापं इंचाच्या हजाराव्या भागांत. पण खरवडणी किती करायची, हे माप सांगत नाही, मनगट सांगतं. पुस्तिका ‘योग्य तेवढं’ असं लिहून पुढे जाते. त्या ‘योग्य तेवढं’मध्ये एका माणसाची पंधरा वर्षं असतात.

पुनर्बांधणी करणाऱ्यांत एक जुना वाद आहे. जुन्या यंत्राला हात लावू नये, आहे तसं जतन करावं, असं एक मत. वाहन चालवलं, की मूळ भाग झिजतात आणि बदललेल्या प्रत्येक भागाबरोबर थोडा पुरावा जातो. हे मत हलक्यात घेण्यासारखं नाही. एकुलतं एक उरलेलं यंत्र असेल, तर मीही त्याच बाजूला राहीन. पण पायोनियरबाबत ‘मूळ’ म्हणजे काय? सैन्याच्या बेस वर्कशॉपांत वाहनं पूर्ण उतरवली जात, इंजिनं एका ढाच्यातून दुसऱ्यात जात, बांधणी झाल्याची पट्टी ठोकली जाई आणि वाहन परत जाई. एकाच आकड्याचे ते दोन रॉड म्हणजे या वाहनाचं खरं चरित्र आहे. दुरुस्त करणं हाच ज्याचा धंदा होता, ते स्वतः दुरुस्त होत होत जगलं. त्याला रंग देऊन चौथऱ्यावर उभं केलं, तर लोखंड टिकेल; निळा रंग बघून किती खरवडायचं हे ज्याला कळतं, तो माणूस मात्र टिकणार नाही, कारण त्याच्यासाठी काम उरणार नाही.

वॉटफर्डचा स्कॅमेल कारखाना १९८८मध्ये बंद झाला. आता हे ज्ञान थोड्या म्हाताऱ्या हातांत आहे आणि ते फक्त एका पद्धतीने पुढे जातं: शेजारी उभं राहून. आपल्याकडे वेगळं काही नाही. लेथवरचा टर्नर निवृत्त होतो, मुलगा संगणकाकडे जातो, गॅरेजात भाग दुरुस्त होत नाही, तो बदलला जातो. माझ्या पिढीने हे ठरवून केलेलं नाही. तसं करणं स्वस्त पडलं, एवढंच. १९४१मध्ये एका साम्राज्याच्या सैन्याला लक्षात आलं, की यंत्रं पैशाने वाढवता येतात, ती बांधणारे हात मात्र आधी शोधून, जपून, योग्य जागी ठेवावे लागतात. ते कळायला युद्ध लागलं. म्हणून खोक्यांतलं इंजिन कुणी पुन्हा बांधायला घेतलं आणि शेजारी एखादा विशीतला मुलगा आकडे वाचून दाखवायला बसवला, तर त्या वर्कशॉपात एका ट्रकपेक्षा बरंच काही जपलं जातं.