मेटाजीनोमिक्स : जीवजातींची यादी हाती आल्यावर

माती किंवा समुद्राच्या पाण्यातील बहुतांश सूक्ष्मजीव प्रयोगशाळेत वाढवता आलेले नाहीत. म्हणून नमुन्यातील सर्व जिवांचा डीएनए एकत्रितपणे काढून वाचण्याची पद्धत रूढ झाली. हेच मेटाजीनोमिक्स. ‘मेटाजीनोम’ ही संज्ञा जो हँडल्समन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये वापरली. यंत्रातून बाहेर पडणाऱ्या लक्षावधी अक्षरमालिका कोणत्या जिवांच्या, हे संगणकाच्या साह्याने ठरवावे लागते.

नवखा विद्यार्थी चार आज्ञा देऊन जीवजातींची यादी मिळवतो आणि बहुधा तेथेच फसतो.

न्यूयॉर्कचे उदाहरण बोलके आहे. तेथील भुयारी रेल्वेतून गोळा केलेल्या नमुन्यांत प्लेग व अँथ्रॅक्सच्या जंतूंचे अंश आढळल्याचे संशोधकांनी फेब्रुवारी २०१५ मध्ये जाहीर केले. आरोग्य अधिकाऱ्यांनी आक्षेप घेतला. पुढे संशोधकांनीच, हे जंतू तेथे असल्याचा सबळ पुरावा नाही, अशी दुरुस्ती केली. प्लेगच्या जंतूचा बराचसा डीएनए त्याच्या निरुपद्रवी भाऊबंदांसारखाच असतो. अँथ्रॅक्सचेही तसेच. त्यामुळे केवळ त्या रोगजंतूकडेच असणारे भाग सापडतात का, हे स्वतंत्रपणे पाहावे लागते. शिवाय त्या नमुन्यांतील जवळजवळ निम्मा डीएनए कोणत्याही ज्ञात जिवाशी जुळला नव्हता, ही गोष्ट मथळ्यांच्या गदारोळात मागेच पडली!

‘क्रॅकेन’ ही प्रणाली मालिकेचे लहान तुकडे पाडून संदर्भसंग्रहाशी ताडते. एखादा तुकडा अनेक जातींत आढळल्यास ती त्यांच्या सामायिक गटाचे नाव देते. मात्र संग्रहात नसलेला जीव तिला ओळखता येत नाही. त्याच्या जागी जवळच्या नातलगाचे नाव येऊ शकते. त्याआधी ‘फास्टक्यूसी’ने वाचनाचा दर्जा तपासणे आणि मानवी डीएनए वगळणे ही कामे कंटाळवाणी, पण टाळता न येणारी आहेत. डीएनए काढण्याच्या रसायनांतही जंतूंचा डीएनए असतो. यासाठी नमुना न घालता एक कोरी चाचणी करावी लागते.

सरावासाठी मोठा खर्च नाही. वरील प्रणाली विनामूल्य आहेत, अमेरिकेतील ‘एनसीबीआय’च्या संग्रहात असंख्य मालिका खुल्या आहेत आणि लिनक्स न येणाऱ्यांसाठी ‘गॅलेक्सी’ हे संकेतस्थळ आहे. प्रारंभ मात्र ज्ञात जीवाणूंच्या मुद्दाम तयार केलेल्या मिश्रणापासून करावा. तेथे उत्तर आधीच ठाऊक असते आणि आपली यादी कोठे चुकली, हे लगेच दिसते.