दोन डोळे आणि एक पडदा

त्रिमिति चित्रपट पाहतांना आम्ही तो अगदीं अलीकडचा चमत्कार समजतों. परंतु त्याचें मूळ छायाचित्रणाहूनही जुनें आहे. इ. स. १८३८ मध्यें चार्ल्स व्हीटस्टन यांनीं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें असें दाखविलें कीं, आपल्या दोन डोळ्यांना एकाच वस्तूचीं किंचित् भिन्न चित्रें दिसतात आणि त्या भिन्नतेंतूनच मन खोलीची प्रतीति घडवितें. त्यांच्या दोन आरशांच्या उपकरणांत कागदावरील सपाट रेखाकृति घन पदार्थांसारख्या उठून दिसत. छायाचित्रणाची कला जगापुढें जाहीर झाली ती पुढील वर्षीं.

हॉलिवुडांत १९५२ च्या 'ब्वाना डेव्हिल'नें या तत्त्वाची लाट उसळविली. पण ती लवकरच ओसरली. पडद्यावरील दोन चित्रें थोडीं जरी वरखालीं झालीं, तरी प्रेक्षकांचे डोळे दुखूं लागत.

यावरील उपायाचें बीज निराळ्याच क्षेत्रांत पडलें. बेल प्रयोगशाळेंतील बेला युलेस यांनीं १९६० च्या सुमारास संगणकाकडून विस्कळित ठिपक्यांचीं दोन चित्रें तयार करविलीं. एका डोळ्यानें पाहतां त्यांत कांहींच अर्थ लागत नसे. दोन्ही डोळ्यांनीं पाहतांच मधला चौकोन अधांतरीं तरंगे. म्हणजे खोली कळण्यास वस्तु ओळखावी लागत नाहीं. ठिपक्यास ठिपका जुळला कीं पुरे. मग हें काम यंत्रासही कां करतां येऊं नये? १९८१ मध्यें लाँग्वेट-हिगिन्स यांनीं, दोन चित्रांतील आठ जुळत्या बिंदूंवरून दोन कॅमेऱ्यांची परस्परसापेक्ष स्थिति काढण्याचें गणित मांडलें.

आज दृश्यपरिणामांचे कारागीर याच विद्येचा आश्रय करतात. डाव्या चित्रांतील प्रत्येक बिंदूचा जोडीदार संगणक उजव्या चित्रांत शोधतो. वरखालीं झालेलें चित्र सरळ करतो, रंगांतील तफावत मिटवितो आणि एका डोळ्यासाठीं केलेली रंगसफाई दुसऱ्यासाठीं उतरवून देतो.

तथापि जवळच्या वस्तूआड दडलेला कांहीं भाग एकाच डोळ्यास दिसतो. त्याला जोडीदारच नसतो. तेथें यंत्राला तर्क करावा लागतो, आणि तो चुकल्यास कलावंतास हातानें रंगवावें लागतें. १९९७ चा 'टायटॅनिक' २०१२ मध्यें त्रिमितींत आला, तेव्हां तर दुसऱ्या डोळ्याचें चित्रच मुळीं नव्हतें; तें नव्यानें घडवावें लागलें.

व्हीटस्टन किंवा युलेस यांच्यापुढें करमणुकीचा धंदा नव्हता. आपण पाहतों कसें, एवढेंच त्यांना जाणून घ्यावयाचें होतें. ज्ञानाचा उपयोग आधीं विचारणाऱ्यांनीं हा इतिहास ध्यानांत ठेवावा, असें आम्हांस वाटतें.