वऱ्हाडचें ऊन आणि इंजिनाचा ताप

वैशाख लागला म्हणजे दुपारीं बारानंतर वऱ्हाडांतील रस्ते ओस पडतात. अमरावतीचा राजकमल चौक असो कीं अकोल्याचा टिळक रोड असो, दुकानदार पडदे सोडून आंत बसतात आणि घरोघरीं खिडक्या लावून घेतल्या जातात. २०२० सालच्या मे महिन्यांत अकोल्यास पारा ४७ अंशांच्या पुढें गेला होता. अशा दुपारीं पोटासाठीं ज्याला घराबाहेर पडावें लागतें, तो बहुधा मोटारसायकलवर असतो. डोक्यावर सूर्य, पायाखालीं डांबर आणि दोन गुडघ्यांच्या मध्यें पेटलेली भट्टी, अशी त्याची त्रिस्थळी यात्रा चाललेली असते. स्वतःला ऊन किती लागलें हें त्याचें त्याला कळतें. त्या भट्टीला किती लागलें, हें त्यानें कसें ओळखावें? प्रश्न साधा आहे, परंतु त्याच्या मागें दीडशे वर्षांचा इतिहास उभा आहे.

यंत्राचा ताप ओळखण्याची विद्या वऱ्हाडांत मोटारसायकलीच्या फार आधीं आली. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें १८६१ ते १८६५ या काळांत लँकाशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसावर साऱ्यांची दृष्टि वळली. १८६७ सालीं ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा फांटा भुसावळकडून नागपूरला जाऊन पोंचला. अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा हीं स्थानकें त्याच वाटेवरचीं. रेल्वेच्या पाठोपाठ सरकी काढण्याचे आणि गाठी बांधण्याचे कारखाने आले. गाडी स्थानकांत उभी राहिली म्हणजे डबे तपासणारा मनुष्य प्रत्येक आंसाच्या पेटीला हाताची पाठ लावून पाही. कारखान्यांतील मिस्त्रीहि फिरत्या दांड्याच्या आधारांना तसाच हात लावी. तेल संपून तापलेला एक आधार आणि त्यावर बसलेली कापसाची तूस, एवढ्यावर अख्खा कारखाना पेटूं शके. त्या काळीं हात हाच उष्णतामापक होता. परंतु सुमारें ६० अंशांच्या पुढें हात टिकत नाहीं. त्यापलीकडे ७० आणि १७० यांतील भेद हाताला कळत नाहीं. आणि मोटारसायकलीचा सारा संसार नेमका त्या पलीकडचा.

पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनांत जी उष्णता उत्पन्न होते, तिचा जेमतेम पाव हिस्सा चाकापर्यंत पोंचतो. मोठा भाग धुराबरोबर निघून जातो. पण उरलेला भाग सिलिंडरच्या भिंतींत आणि माथ्यांत, म्हणजे हेडांत, मुरतो. तो बाहेर काढला नाहीं तर इंजिन आपल्याच आगींत जळेल. गॉटलीब डाइमलर यानें १८८५ सालीं जर्मनींत लांकडी सांगाड्यावर बसविलेलें दुचाकीचें इंजिन वाऱ्यानें थंड होई. १८९४ सालीं विक्रीस आलेल्या हिल्डेब्रांड आणि वोल्फम्युलर यांच्या गाडींत मात्र पाणी खेळविलेलें होतें. त्याच दशकांत फ्रान्समधील द दियों-बुतों यांच्या लहानशा, जलद फिरणाऱ्या इंजिनानें वाऱ्याचा पक्ष बळकट केला. टाकी नको, नळ्या नकोत, गळती नको. सिलिंडरभोंवतीं धातूच्या पातळ पात्या ओतल्या कीं वाऱ्याला भिडणारें क्षेत्र वाढलें आणि काम भागलें. हा साधेपणाच पुढें दुचाकीच्या प्रसारास कारण झाला.

पण वारा हा लहरी चाकर आहे. गाडी पळते तोंवर तो राबतो. गाडी थांबली कीं तोहि थांबतो. या चाकराकडून किती काम होतें, हें मोजून पाहण्याची गरज प्रथम तीव्रतेनें भासली ती विमानांना. पहिल्या महायुद्धाच्या काळांत इंग्लंडांत फार्नबरो येथें प्राध्यापक गिब्सन आणि सॅम हेरॉन यांनीं वाऱ्यानें थंड होणाऱ्या सिलिंडरांवर पद्धतशीर प्रयोग केले. लोखंडापेक्षां ॲल्युमिनियम उष्णता सुमारें तिपटीनें जलद वाहून नेतें, तेव्हां माथा त्याचाच असावा, हा मार्ग त्या प्रयोगांनीं पक्का केला. १९२७ सालीं लिंडबर्गनें साडेतेहतीस तास उडून अटलांटिक महासागर ओलांडला, तोहि अशाच हवाथंड इंजिनाच्या भरंवशावर.

मोजण्याचें साधन त्यापूर्वींच सिद्ध झालें होतें. फॅरनहाइटची पाऱ्याची नळी १७१४ सालची. परंतु थरथरणाऱ्या, तापलेल्या इंजिनावर कांचेच्या नळीचा निभाव कसा लागावा? १८२१ सालीं सेबेक या जर्मन शास्त्रज्ञाला असें आढळलें कीं, दोन निराळ्या धातूंचीं टोकें जोडून एक जोड तापविला आणि दुसरा थंड ठेवला तर त्या मंडलांत विद्युत्-परिणाम दिसूं लागतो. पुढें फ्रान्समध्यें ल शातलिए यानें त्या तत्त्वावर भट्ट्यांचें तापमान मोजण्याची विश्वसनीय जोडी तयार केली. विमानवाल्यांनीं अशा जोडीचें टोक स्पार्क प्लगाखालच्या वायसरांत बसविलें आणि दोन तारा वैमानिकासमोरील तबकडीपर्यंत नेल्या. आज हौशी मोटारसायकलस्वार जें हेडाचें मापक बसवितो, तें या जुन्या युक्तीचेंच वंशज होय.

हिंदुस्थानांत हवाथंड मोटारसायकलीचें नांव घेतलें कीं ‘बुलेट’ आठवते. इंग्लंडांत ती १९३० नंतरच्या दशकांत निघाली. १९५५ सालीं मद्रास मोटर्सच्या भागीदारीनें एन्फील्ड इंडिया ही कंपनी स्थापन होऊन मद्रासजवळ तिरुवोत्रियूर येथें ती तयार होऊं लागली. तिचा माथा ॲल्युमिनियमचा, पण सिलिंडर बिडाचें होतें, आणि तें तसेंच अर्धशतकाहून अधिक काळ टिकलें. १९६० नंतर जावा आणि राजदूत आल्या. त्यांत तेल पेट्रोलांतच मिसळावें लागे. माप चुकलें कीं दट्ट्या सिलिंडरला धरलाच म्हणून समजावें. दट्ट्या धरतो तो बहुधा भर वेगांत. अशा वेळीं मागचें चाक एकदम जखडतें आणि स्वार रस्त्यावर फेंकला जातो. इंजिनाचा ताप ही केवळ दुरुस्तीच्या खर्चाची बाब राहत नाहीं, ती अशी जिवाशीं येऊन भिडते.

चार फटक्यांच्या इंजिनांत तेलाचा कारभार निराळा आहे. तेथें तेल वंगण तर असतेंच, शिवाय दट्ट्याखालची उष्णता वाहून नेणारा हमालहि तेंच. तळांतील तेल ९० ते १२० अंशांच्या दरम्यान असावें, असा सामान्य दंडक आहे. तें त्याहून फार तापलें तर पातळ होऊन धातु धातूला भिडूं लागतो. शिवाय दर दहा अंशांमागें तेल बिघडण्याचा वेग सुमारें दुप्पट होतो. उलट, तेल कधीं नीट तापलेंच नाहीं, तर जळणांतून उत्पन्न झालेलें पाणी त्यांतून उडून जात नाहीं आणि आंतल्या आंत गंज धरतो. गल्लींतल्या गल्लींत फिरणारी गाडी यामुळेंच, फारशी न चालतांहि, झिजते.

आतां वऱ्हाडच्या उन्हाचा हिशेब मांडून पाहावा. हवा २५ अंश असतांना हेड १८० अंशांवर स्थिरावलें असें धरल्यास दोहोंतील अंतर १५५ अंशांचें होतें. हवा ४५ अंश झाली कीं अंतर १३५ उरतें, म्हणजे वाऱ्याबरोबर जाणारी उष्णता सुमारें आठव्या हिश्शानें घटते. इंजिनांतील आग तितकीच राहिली, तर हेड २०० च्या आसपास चढतें तेव्हां कोठें जमाखर्च पुन्हा जुळतो.

येथें एक गंमत आहे, आणि धोकाहि आहे. साधें, स्वस्त मापक तापलेल्या टोंकाचें तापमान दाखवीत नाहीं. तें दोन टोंकांतील अंतर दाखवितें. तबकडीवरचे आंकडे थंड टोंक २५ अंशांच्या आसपास आहे, असें मानून कोरलेले असतात. अकोल्याच्या मे महिन्यांत तें ‘थंड’ टोंक ४५ अंशांवर असतें, आणि कांटा २० अंश कमी दाखवितो. हेड खरोखर २०० वर असतांना तबकडी म्हणते १८०. म्हणजे पौषांतील आणि वैशाखांतील आंकडा एकच! जी गोष्ट जाणून घेण्यासाठीं मापक बसविलें, तीच तें झांकून ठेवतें. थंड टोंकाची भरपाई आपोआप करणारीं मापकें मिळतात. घेतांना तेवढें विचारून घेणें शहाणपणाचें.

कोठें मोजलें यालाहि तितकेंच महत्त्व आहे. प्लगाखालचा आंकडा आणि तळांतील तेलाचा आंकडा यांची तुलना करणें म्हणजे चुलीची आणि माजघराची तुलना करणें. हेड मिनिटा-दोन मिनिटांत चढतें-उतरतें. तेल सावकाश तापतें आणि सावकाश निवतें. हेड आतांची बातमी सांगतें, तेल गेल्या अर्ध्या तासाची. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढणाऱ्या गाडीवर हें उत्तम दिसतें. चढ उभा, ओझें पुरतें, वेग थोडा, म्हणून वाराहि थोडा. हेडाचा कांटा पहिल्या वळणांतच हालतो. तेलाचा मात्र बराच वर गेल्यावर. ज्यानें केवळ तेलाकडे पाहिलें, त्याला इशारा उशिरां मिळतो. सपाट रस्त्यावरील मध्यम वेगापेक्षां बाजारांतील गर्दींत चालू इंजिनावर ताटकळणें अधिक जाचक, हेंहि यावरून ध्यानांत यावें.

२०२२ सालच्या जूनमध्यें अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना असा ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत सलग अंथरण्यांत आला आणि त्याची नोंद गिनेसच्या पुस्तकांत झाली. डांबराचें मिश्रणहि ठराविक तापमानालाच पसरावें लागतें. तेथें अंदाज चालत नाहीं. त्या रस्त्यावरून धांवणारीं नवीं वाहनेंहि अंदाजावर चालत नाहींत. १ एप्रिल २०२० पासून धुराचे कडक निर्बंध लागू झाले आणि हवाथंड गाड्यांतहि पेट्रोलाचें माप विजेच्या मेंदूकडे आलें. तो मेंदू इंजिनाचें तापमान क्षणोक्षणीं वाचीत असतो. परंतु बहुतेक गाड्यांवर तो आंकडा स्वाराच्या डोळ्यांपुढें येत नाहीं. शंभर वर्षांपूर्वीं यंत्राला आपला ताप ठाऊक नव्हता आणि माणूस हात लावून पाहत होता. आज यंत्राला ठाऊक आहे आणि माणूस अंधारांत आहे.

म्हणून जुन्या मिस्त्रीचें ज्ञान अद्याप टाकाऊ झालेलें नाहीं. चढावर इंजिन ठोके मारूं लागलें, ओढ कमी झाली, तापल्या तेलाचा वास आला, कीं गाडी बाजूला घ्यावी आणि लिंबाच्या सावलींत थोडा वेळ थांबावें, हा त्याचा नियम. तापल्या पात्यांवर पाणी मात्र ओतूं नये, कारण एकदम आकुंचन पावून धातु तडकतो. मापकाचा खरा उपयोग या अनुभवाला आंकड्यांची जोड देण्यांत आहे. आपल्याच गाडीचा, त्याच रस्त्यावरचा, निरनिराळ्या ऋतूंतील आंकडा वहींत टिपून ठेवावा. परक्या गाडीच्या आंकड्याशीं त्याची तुलना करूं नये. नेहमींपेक्षां तो वीस-पंचवीस अंशांनीं वर गेला, तर कारण शोधावें. तेल कमी असेल, पात्यांत चिखल बसला असेल, पेट्रोल अपुरें पडत असेल, किंवा केवळ वैशाख असेल. यांपैकीं शेवटच्या कारणावर माणसाजवळ एकच उपाय आहे, आणि तो वऱ्हाडच्या शेतकऱ्यानें फार पूर्वींच शोधून ठेवला आहे. तो उजाडण्यापूर्वीं कामाला लागतो, आणि भर दुपारीं आपणहि सावलींत बसतो, बैलांनाहि सावलींत बांधतो.