चौथा नंबर

कोणत्याही स्पर्धेत तिसऱ्या क्रमांकासाठी जो सामना होतो, त्याकडे आपण जरा दुर्लक्षच करतो. अंतिम सामन्याच्या आधी उरकून घ्यायचा तो सामना. जिंकणाऱ्याला कास्यपदक, हरणाऱ्याला चार टाळ्या, आणि प्रेक्षक अजून जागा शोधत असतात. १९ जानेवारी २०२४ रोजी रांचीला भारत आणि जपान यांच्या महिला हॉकी संघांत असाच तिसऱ्या क्रमांकाचा सामना झाला. पण त्याची तऱ्हा अगदी उलटी होती. त्या दिवशी अंतिम सामना खेळणाऱ्या जर्मनी आणि अमेरिका यांना काही मिळवायचे राहिलेच नव्हते. सारे काही पणाला लागले होते ते तिसऱ्या आणि चौथ्या जागेवर. कारण ही पॅरिस ऑलिंपिकची पात्रता स्पर्धा होती. आठ संघ, तिकिटे तीन. चौथ्याने घरी जायचे.

पात्रता स्पर्धा म्हणजे तरी काय? आपल्याकडच्या प्रवेशपरीक्षेसारखीच ती असते. तिथे पहिला आला म्हणून कोणी हत्तीवरून साखर वाटत नाही, पण नापास झालेल्याचे नाव घरातले सगळे वर्षभर काढतात! भारताच्या मुलींचा आणि या परीक्षेचा संबंध मोठा चमत्कारिक आहे. तो समजायचा तर थोडे मागे गेले पाहिजे, कारण बायकांच्या हॉकीत एके काळी ही परीक्षाच नव्हती. परीक्षा नव्हती आणि निकालही नव्हता.

१८९५ साली इंग्लंडमधल्या हॉकी खेळणाऱ्या स्त्रियांनी आपली संघटना बांधली आणि पुरुषांच्या हॉकी असोसिएशनकडे मान्यतेची विनंती केली. उत्तर आले, की आमची संस्था पुरुषांच्या क्लबांसाठी आहे, तुमचे आम्हाला काही कर्तव्य नाही. त्यावर या बायकांनी काय करावे? त्यांनी ठराव केला, की आमच्या संस्थेत पुरुषाला अधिकारपद मिळणार नाही! नकाराला नकार. पुढे १९२७ साली आठ देशांतल्या महिला संघटनांनी मिळून जागतिक महिला हॉकी महासंघ स्थापन केला, तोही पुरुषांच्या महासंघापासून वेगळा. १९३३ मध्ये कोपनहेगन आणि १९३६ मध्ये फिलाडेल्फिया येथे त्यांचे मेळावे भरले. महायुद्धानंतर जोहान्सबर्ग, फोकस्टन, सिडनी, ॲम्स्टरडॅम असे ते गावोगाव फिरत राहिले. त्या मेळाव्यांना 'परिषद' म्हणत. सकाळी नियमांवर चर्चा व्हायची, दुपारी सामने. आणि गंमत अशी, की सामने व्हायचे, गोल व्हायचे, पण जगज्जेता कोणी ठरत नसे. चषक नाही, गुणतक्ता नाही. खेळासाठी खेळ, हे त्यांचे तत्त्वच होते.

आजच्या माणसाला हे हास्यास्पद वाटेल. मला तसे वाटत नाही. ज्या घरात हरणे-जिंकणे मोजत नाहीत, त्या घराला दरवान लागत नाही; येईल त्याचे स्वागत. मात्र त्या व्यवस्थेतही एक उणीव होतीच. प्रवासखर्च ज्याला झेपेल तोच यायचा. गुणांची चाळणी नव्हती, पण पैशाची होती, आणि ती काही कमी बारीक नव्हती.

पुरुषांचा जागतिक हॉकी महासंघ स्थापन झाला तो १९२४ साली पॅरिसमध्ये, आणि तोही हॉकीला त्या वर्षीच्या ऑलिंपिकमधून वगळले म्हणून. त्याचे सारे लक्ष पहिल्यापासून ऑलिंपिककडे. या महासंघाने १९७४ साली फ्रान्समधल्या मांदेलिय्यू गावी महिलांची पहिली विश्वचषक स्पर्धा भरवली. हॉलंडने ती जिंकली. भारत चौथा आला. पहिल्याच फटक्यात जगात चौथा! तेव्हा त्या आकड्यात दुःख नव्हते, अप्रूप होते. पुढे १९८२ साली स्त्रियांचा जुना महासंघ या महासंघात विलीन झाला, आणि चषक नसलेल्या हॉकीचा जमाना संपला.

महिला हॉकीला ऑलिंपिकचे दार उघडले ते १९८० मध्ये, मॉस्कोला. सहाच संघ बोलवायचे होते. परंतु अफगाणिस्तानच्या प्रश्नावरून अमेरिकेने आणि पुष्कळ देशांनी बहिष्कार टाकला आणि नामांकित संघ गळाले. जागा रिकाम्या पडल्या. मग निमंत्रणे निघाली. झिंबाब्वे हा देश त्याच वर्षी एप्रिलमध्ये स्वतंत्र झालेला. त्याला अवघे काही आठवडे आधी बोलावणे गेले. त्यांच्या मुली तोवर गवतावर खेळलेल्या, मॉस्कोचे मैदान कृत्रिम हिरवळीचे. आणि सुवर्णपदक कोणी नेले? झिंबाब्वेने! एकही सामना न हरता.

रूपा सैनीच्या नेतृत्वाखाली भारताचा संघही त्या सहांत होता. आपली पुण्याची एलायझा नेल्सन त्या संघात होती. भारताने ऑस्ट्रियाला २-० आणि पोलंडला ४-० असे हरवले, चेकोस्लोव्हाकियाकडून १-२ अशी हार पत्करली, पुढे सुवर्णपदक नेणाऱ्या झिंबाब्वेला १-१ असे रोखले. शेवटचा सामना सोव्हिएत रशियाशी. तो १-३ असा गेला आणि त्याबरोबर पदकही गेले. रशियाचे गुण सहा, आपले पाच. पुन्हा चौथा नंबर. त्या वेळी कोणाला वाटले असेल, की ठीक आहे, पुढच्या खेपेला बघू! दोनच वर्षांनी दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धेत एलायझा नेल्सनच्याच नेतृत्वाखाली भारताने सुवर्णपदक जिंकले, तेव्हा तर तसे वाटणे साहजिकच होते. पण ती पुढची खेप यायला छत्तीस वर्षे लागली.

झाले काय, की दारावर आता पहारा बसला. लॉस एंजेलिसला पुन्हा सहाच संघ होते, नंतर आठ झाले, सिडनीला दहा, बीजिंगपासून बारा. जागा वाढल्या तशी मागणी त्याहून अधिक वाढली. म्हणून मग ऑलिंपिकच्या आधी निराळ्या पात्रता स्पर्धा सुरू झाल्या. बार्सिलोनासाठी १९९१ मध्ये ऑकलंडला, अटलांटासाठी १९९५ मध्ये केपटाऊनला, सिडनीसाठी २००० मध्ये मिल्टन कीन्सला, अथेन्ससाठी २००४ मध्ये पुन्हा ऑकलंडला. २००८ साली तर बाकू, कझान आणि व्हिक्टोरिया अशा तीन ठिकाणी. खंडाचा विजेता सरळ आत जायचा. आशियाई स्पर्धेचे सुवर्ण म्हणजे ऑलिंपिकचे तिकीट. ते हुकले, की या मागच्या दाराच्या रांगेत उभे राहायचे. आपल्या मुली सुवर्ण चुकवत राहिल्या आणि रांगेतही मागे पडत राहिल्या. १९८४ ते २०१२ ही आठ ऑलिंपिके त्यांच्याविना झाली.

२०१२ साली फेब्रुवारीत ही रांग आपल्या अंगणातच आली. दिल्लीत ध्यानचंद स्टेडियमवर पात्रता स्पर्धा, तिकीट एकच. भारतीय महिला अंतिम सामन्यापर्यंत पोहोचल्या आणि दक्षिण आफ्रिकेकडून १-३ अशा हरल्या. आफ्रिकेच्या पीटी कुट्झेने तिन्ही गोल मारले. दुसऱ्या दिवशी त्याच मैदानावर भारताच्या पुरुष संघाने फ्रान्सला ८-१ असे धुऊन काढले आणि लंडनचे तिकीट मिळवले. वर्तमानपत्रांत मोठा मथळा कोणाचा झाला, हे सांगायला नकोच.

इथे थोडे विषयांतर करतो. ज्या दक्षिण आफ्रिकेने दिल्लीत आपले तिकीट नेले, तिच्यावरच पुढच्या वेळी अजब प्रसंग आला. २०१५ मध्ये त्यांच्या महिलांनी आफ्रिका खंडाची पात्रता स्पर्धा जिंकली. नियमाप्रमाणे रिओचे दार उघडले. पण त्यांच्याच देशाच्या ऑलिंपिक समितीने सांगितले, की खंडातला विजय आम्हाला पुरेसा वाटत नाही, स्पर्धकच कच्चे आहेत! आणि संघ पाठवला नाही. ती जागा स्पेनला गेली. मैदानावर जिंकून कचेरीत हरणे म्हणतात ते हे. दाराशी आलेल्याला पहारेकऱ्याने सोडावे आणि घरच्यांनीच मागे ओढावे, यासारखे वाईट दुसरे काय?

भारताला रिओचे दार उघडले ते २०१५ च्या अँटवर्पच्या स्पर्धेमुळे. तिथे पाचव्या जागेसाठी जपानला १-० असे हरवले, गोल राणी रामपालचा. पाचवा नंबर, पण तो पुरला. रिओत आपण बारांत बारावे आलो, हे खरे. छत्तीस वर्षांनी आत गेलेल्याला घर ओळखीचे कसे वाटणार?

मग आले २०१९. त्याआधी २०१८ मध्ये जाकार्ताला आशियाई स्पर्धेचा अंतिम सामना जपानने २-१ असा जिंकून आपले थेट तिकीट हुकवले होते. या वेळी महासंघाने पद्धत बदललेली. चौदा संघांच्या सात जोड्या लावल्या. लागोपाठ दोन सामने, दोन्हींच्या गोलांची बेरीज, अधिक ज्याची तो टोकियोला. भारताच्या वाट्याला अमेरिका आली, भुवनेश्वरच्या कलिंग स्टेडियमवर, १ आणि २ नोव्हेंबरला.

पहिला सामना आपण ५-१ असा जिंकला. चार गोलांची आघाडी! रात्री कोणाला झोप लागली नसेल, तर ती आनंदाने. दुसऱ्या दिवशी पाचव्या मिनिटाला अमेरिकेचा गोल. चौदाव्याला दुसरा. विसाव्याला तिसरा. अठ्ठाविसाव्याला चौथा. मध्यंतराला ०-४. बेरीज करा: पाच आणि पाच. चोवीस तासांत कमावलेले अर्ध्या तासात गेले. गणिताचा हा क्रूरपणा एरवीच्या सामन्यात नसतो. एरवी ०-४ म्हणजे हार, विषय संपला. इथे ०-४ म्हणजे अजून बरोबरी, आणि एक गोल इकडे किंवा तिकडे म्हणजे चार वर्षे. तिसऱ्या सत्रात कोणालाच गोल करता आला नाही. अठ्ठेचाळिसाव्या मिनिटाला राणी रामपालने चेंडू जाळ्यात धाडला. भारत ६, अमेरिका ५. सामना १-४ असा हरून भारताने ऑलिंपिक गाठले!

त्याच आठवड्यात डब्लिनला आयर्लंड आणि कॅनडा यांच्यात दोन्ही दिवस मिळून एकही गोल झाला नाही. दोन तासांच्या हॉकीनंतर पाटी कोरी. निकाल शूटआउटवर गेला. शूटआउट म्हणजे तेवीस मीटरच्या रेषेवरून एकटीने चेंडू घेऊन निघायचे आणि आठ सेकंदांत गोलरक्षिकेला चकवायचे. कॅनडा पुढे होता, आयर्लंडने गाठले, जादा प्रयत्नांत जिंकले आणि त्यांच्या महिला प्रथमच ऑलिंपिकला गेल्या. कॅनडाच्या मुलींनी दोन सामन्यांत एकही गोल खाल्ला नव्हता. त्या घरी गेल्या.

टोकियोचे ऑलिंपिक साथीमुळे २०२१ मध्ये झाले. तिथे आपल्या मुलींनी ऑस्ट्रेलियाला १-० असे नमवले, उपांत्य सामन्यात अर्जेंटिनाकडून १-२ हार झाली, आणि कास्यपदकासाठी ब्रिटनशी ३-४ असे झुंजून हरल्या. चौथा नंबर. पण या चौथ्या नंबराने देशाच्या डोळ्यांत पाणी आणले, तेही कौतुकाचे.

असा हा चौथा नंबर गोड होत आला असतानाच रांची आली. २०२३ मध्ये हांगचौच्या आशियाई स्पर्धेत चीनने उपांत्य सामन्यात ०-४ असे झोडपले, म्हणून पुन्हा रांगेत उभे राहायची पाळी. रांचीचे मैदान जयपालसिंग मुंडा यांच्या नावाचे, १९२८ च्या भारतीय ऑलिंपिक संघाच्या कप्तानाचे. झारखंड म्हणजे हॉकीचे माहेर. सलीमा टेटे, निक्की प्रधान या तिथल्याच लेकी. पहिल्याच सामन्यात अमेरिकेने ०-१ असे हरवले. आणि यातला योगायोग पाहा: भारताची प्रशिक्षक होती हॉलंडची यानेके शॉपमन. २०१९ मध्ये भुवनेश्वरला तीच अमेरिकेच्या बाकावर बसली होती आणि ५-६ अशी हरली होती. भारताशी खेळून हरली, मग भारताकडून खेळवून अमेरिकेशी हरली!

न्यूझीलंडला ३-१, इटलीला ५-१ असे हरवून भारत उपांत्य फेरीत गेला. तिथे जर्मनी. भारताने आघाडी घेतली, जर्मनीने ती पुसून २-१ केले, आणि खेळ संपायला मिनिट-दोन मिनिटे असताना इशिका चौधरीने बरोबरी साधली. शूटआउटमध्ये ३-४ अशी हार. तरी तिसऱ्या जागेचा दरवाजा उघडा होता. दुसऱ्याच दिवशी जपान. सहाव्या मिनिटाला पेनल्टी कॉर्नरवर काना उराताने गोल केला. उरलेली चौपन्न मिनिटे भारत धडका मारत राहिला. पेनल्टी कॉर्नर मिळत गेले, एकाचाही गोल झाला नाही. सविताच्या संघाचा तो चौथा नंबर. मॉस्को आणि टोकियोत याच आकड्याने भारताला ऑलिंपिकच्या पदकापाशी नेले होते. रांचीत त्याने ऑलिंपिकच्या बाहेर ठेवले.

फेब्रुवारीत शॉपमनबाईंनी पद सोडले. मे महिन्यात कप्तानपद सवितकडून सलीमा टेटेकडे आले. पॅरिसमध्ये चीनने रौप्यपदक मिळवले. नोव्हेंबर २०२४ मध्ये बिहारमधील राजगीर येथे आशियाई चॅम्पियन्स स्पर्धा झाली. तिथे भारताने उपांत्य सामन्यात जपानला २-० असे हरवले आणि अंतिम सामन्यात त्याच रौप्यपदकवाल्या चीनला दीपिकाच्या एका गोलावर १-० असे हरवून चषक जिंकला. त्या चषकाबरोबर ऑलिंपिकचे तिकीट मिळत नव्हते.