वसईची दोन दफ्तरे, आणि एक तिसरे

वसईच्या किल्ल्यात सुट्टीच्या दिवशी गर्दी असते. लग्नाआधीची छायाचित्रे काढायला आलेली जोडपी असतात, मुलाबाळांसह आलेली कुटुंबे असतात, मोहिमेची आठवण जागवायला येणारे दुर्गप्रेमी असतात. पडक्या चर्चच्या जमिनीत थडग्यांच्या शिळा आहेत आणि त्यांवर पोर्तुगीज लेख आहेत. माणसे त्यांवरून चालत जातात, कारण ती अक्षरे आपल्याशी बोलत नाहीत. किल्ल्याची जी गोष्ट आपल्याला ठाऊक आहे ती चिमाजी अप्पांची: किल्ला हाती येत नसेल तर माझे डोके तरी तोफेने आत पडेल असे करा. ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली आणि ती सांगितली जावी अशीच आहे. पण ज्या गावाचा इतिहास एवढा बोलला जातो, त्या गावाचे कागद कुठे आहेत, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

उत्तर सोपे नाही. २३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातच्या बहादूरशहाने तहाने वसई पोर्तुगिजांना दिली. तेव्हापासून १७३९पर्यंत, म्हणजे दोनशे वर्षांहून अधिक काळ, वसई हे पोर्तुगिजांच्या ‘उत्तर प्रांता’चे मुख्य ठाणे होते. त्या काळचा कारभार पोर्तुगीज भाषेत नोंदला गेला आणि वरिष्ठांकडे, म्हणजे गोव्याला आणि लिस्बनला गेला. पुढचा मराठी कारभार मोडीत नोंदला गेला आणि पुण्याला गेला. वसईत राहिले ते दगड.

पहिले दफ्तर गोव्याचे. १५९५मध्ये पोर्तुगालच्या राजाने गोव्यात सरकारी दफ्तरखाना उभा करवला आणि इतिहासकार दियोगो दो कुतो याला त्याचा रक्षक नेमले. तेथील ‘मान्सूनच्या वह्या’ प्रसिद्ध आहेत. लिस्बनची जहाजे मोसमी वाऱ्यांवर येत-जात, म्हणून राजाशी होणारा पत्रव्यवहार वर्षावर्षाने बांधला जाई, आणि त्या बांधणीला हे नाव पडले. यांपैकी साठाहून अधिक वह्या अठराव्या शतकात लिस्बनला नेण्यात आल्या. एकाच मालिकेचे काही खंड मांडवीच्या काठी, काही तेजू नदीच्या काठी, अशी त्यांची ताटातूट झाली.

याहून जुनी नोंद सिमाँव बोतेल्यू या अधिकाऱ्याची. त्याने १५५४च्या सुमारास पोर्तुगीज मुलखाच्या उत्पन्नाचा तपशीलवार ताळेबंद तयार केला. तो १८६८मध्ये लिस्बनला छापला गेला. त्यात वसई प्रांतातली गावे आहेत आणि त्यांचा सारा आहे. मजा अशी की, या पोर्तुगीज कारभारात आपलेच शब्द भेटतात. भात तिथे ‘बाते’ होते, ठाणेदार ‘तानादार’ होतो. उलट, जमिनीवरच्या खंडाला पोर्तुगीज ‘फोरो’ म्हणत. तो शब्द मुंबईच्या ‘फोरास’ रस्त्यात अजून शिल्लक आहे. गावे पोर्तुगीज सरदारांना बहुधा तीन पिढ्यांच्या बोलीने खंडावर दिली जात. ज्या माणसांनी ते भात पिकवले त्यांच्या आयुष्याविषयी लिखित स्वरूपात जे थोडेफार उरले आहे, ते अशा जमाबंदीच्या रकान्यांत आहे.

दुसरे दफ्तर पुण्याचे. पेशवे दफ्तरातले मोडी कागद गोविंद सखाराम सरदेसाई यांनी निवडून १९३० ते १९३४ या काळात पंचेचाळीस खंडांत छापले. त्यांतला सोळावा खंड वसईच्या मोहिमेला दिलेला आहे. मोहीम १७३७च्या वसंतात ठाण्यापासून सुरू झाली आणि दोन वर्षांनी वसईच्या तटाशी संपली. या पत्रांत बखरीचा आवेश नाही. दारूगोळा, रसद, मोर्चे, सुरुंग, जखमी माणसे, पैशाची ओढ असे लढाईचे रोजचे जिणे त्यांत आहे.

आता ही दोन दफ्तरे शेजारी ठेवली म्हणजे काय होते ते पाहू. पुण्याच्या कागदांवरून वसई कशी पडली ते कळते. सुरुंगांनी तट फुटला, मराठे खिंडारांत शिरले, किल्लेदार कायतानु द सोझा परेरा याने शरणागतीच्या अटी मान्य केल्या. पण दोन वर्षांत गोव्याहून पुरेशी कुमक का आली नाही? याचे उत्तर गोव्यात आहे. कौंट सांदोमिल तेव्हा व्हाइसरॉय होता. त्याच्या राज्य-सल्लागार मंडळापुढे वसई हा एकटाच प्रश्न नव्हता. जानेवारी १७३९मध्ये व्यंकटराव घोरपडे यांच्या फौजा गोव्याच्या साष्टीत शिरल्या होत्या आणि राजधानीच धोक्यात आली होती. उत्तरेकडचा वेढा आणि दक्षिणेकडची चढाई ही एकाच डावाची दोन टोके होती. मुंबईकर इंग्रजांनी मदत केली ती पंधरा हजार रुपये कर्जाऊ देऊन, तीही चर्चची चांदीची भांडी आणि पितळी तोफा तारण ठेवून घेऊन. विजयाची बाजू पुण्याच्या रुमालांत आहे, पराभवाची कारणे गोव्याच्या वह्यांत. एक वाचून दुसरे सोडले की इतिहास अर्धा राहतो.

या वाचनात अडथळे किती! साधी तारीख घ्या. शरणागतीचा दिवस पोर्तुगीज पंचांगाने १६ मे १७३९. इंग्रज तेव्हा जुने पंचांग वापरत, म्हणून त्यांच्या कागदांत तोच दिवस ५ मे असा येतो. मराठी पत्रांत शके १६६१ची तिथी किंवा अरबी महिन्याचा चंद्र असतो. नावाचेही तसेच. सूचीत ‘वसई’ शोधून भागत नाही. ‘बसाईं’ पाहावे लागते, ‘बॅसीन’ पाहावे लागते, आणि जिंकल्यानंतर दिले गेलेले ‘बाजीपूर’ हे नावही ध्यानात ठेवावे लागते. ‘वसईचा तह’ म्हटला तर १५३४चा, की ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी केलेला, हेही विचारावे लागते.

हे अडथळे ओलांडून दोन दफ्तरे एका टेबलावर आणणारा माणूस म्हणजे पांडुरंग सखाराम पिसुर्लेकर (१८९४–१९६९). सत्तरीतल्या पिसुर्ले गावचा हा संशोधक १९३१पासून तीन दशके गोव्याच्या दफ्तरखान्याचा प्रमुख होता. मोडी आणि जुनी पोर्तुगीज या दोन्हींत त्यांची गती होती. सल्लागार मंडळाची १६१८ ते १७५०पर्यंतची इतिवृत्ते त्यांनी १९५३ ते १९५७ या काळात पाच खंडांत छापली. वसईच्या वेढ्याची वर्षे त्यांतच येतात. पोर्तुगिजांच्या वतीने वाटाघाटी करणाऱ्या हिंदू, मुसलमान, ज्यू आणि पारशी मध्यस्थांवर त्यांनी १९५२मध्ये स्वतंत्र ग्रंथ लिहिला. ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ हे त्यांचे पुस्तक पुणे विद्यापीठाने १९६७मध्ये मराठीत काढले आणि मराठी वाचकाला फिरंग्यांची बाजू त्यांच्याच कागदांतून दिसली.

पिसुर्लेकरांचा ग्रंथसंग्रह आज ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. दामोदर धर्मानंद कोसंबींचा संग्रहही तिथेच आहे. विद्यापीठाने असा संग्रह स्वतंत्र ठेवण्यात मोठा अर्थ असतो. पुस्तके विषयवार इतर कपाटांत विखुरली असती, तर ती फक्त पुस्तके राहिली असती. एकत्र राहिल्याने एका संशोधकाने कोणते ग्रंथ शेजारी ठेवून विचार केला, ते पुढच्याला दिसते. दफ्तराचेही हेच तत्त्व आहे. रुमाल सोडावा, पण त्यातला क्रम मोडू नये. कागद कुणाकडून आला ही माहिती कागदाइतकीच मोलाची.

वसईच्या दगडांनाही असे वाली मिळाले. गेर्सन द कुन्हा या मुंबईकर गोमंतकीय डॉक्टरने चौल आणि वसईच्या पुरातन अवशेषांवर १८७६मध्ये ग्रंथ काढला. ब्राझ फर्नांडिस यांनी किल्ल्यातल्या शिलालेखांचा आणि कुलचिन्हांचा अभ्यास केला. तो १९५७मध्ये लिस्बनच्या इतिहास अकादमीने प्रसिद्ध केला. दीडशे पावसाळ्यांत एखादी शिळा झिजली असेल, तर तिचा मजकूर आता या पानांतच शोधायचा.

आणि वसईत? तिसरे दफ्तर वसईत आहे, पण ते घराघरांत आहे. माळ्यावरच्या ट्रंकेत मोडीतली खरेदीखते आहेत, वाडीच्या वाटणीचे कागद आहेत, केळी-पानांच्या व्यापाराच्या हिशेबवह्या आहेत, लग्नातल्या गाण्यांच्या सामवेदी आणि वाडवळी बोलींतल्या वह्या आहेत. चर्चमध्ये बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या आहेत. बोतेल्यूच्या ताळेबंदात ज्यांच्या गावांचा फक्त सारा आला, त्या माणसांचे स्वतःचे लेखन असेल तर ते इथे. पण जुनी घरे पाडून इमारती उभ्या राहत आहेत, आणि घर रिकामे करताना सोने, भांडी, देव्हारा किंवा आल्तार आधी हलतो. कागदाची ट्रंक रद्दीवाल्याकडे जाते. समाजांच्या मेळाव्यांत लुगडी, दागिने, तांब्याची भांडी हौसेने मांडली जातात. कागद मांडलेला क्वचितच दिसतो, कारण तो कोणाला वाचता येत नाही.

यावर उपाय फार मोठा नाही. वसईत महाविद्यालये आहेत, त्यांची ग्रंथालये आहेत. एका कोरड्या खोलीत, आम्लविरहित पुठ्ठ्याच्या पेट्यांत, कोणत्या घराचे कागद ते लिहून ठेवले, मूळ घरी राहू देऊन छायाप्रती घेतल्या, तरी सुरुवात होईल. मोडीचे वर्ग राज्याचा पुराभिलेख विभाग घेतोच. त्याला पोर्तुगीज शिकणाऱ्या दोन-चार मुलांची जोड हवी. गोव्यात एका माणसाने दोन दफ्तरे एकत्र वाचली म्हणून वसईच्या वेढ्याचा अर्थ बदलला. तिसरे दफ्तर त्यांच्या शेजारी ठेवायचे असेल, तर ते आधी रद्दीच्या काट्यावरून खाली उतरवावे लागेल. या दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची ट्रंक खाली आली असेल, तर ती उघडून पाहा. आतले रुमाल मात्र, ज्या क्रमाने बांधले आहेत, त्याच क्रमाने राहू द्या.